छत्तीसपैकी चौतीस

कबड्डी लीगचा हंगाम संपला की अदलाबदलीचा पंधरवडा सुरू होतो. कोण कुठल्या संघात जाणार, कुणाचा करार वाढणार आणि कुणाला नारळ मिळणार, हे सगळं त्या पंधरवड्यात ठरतं. म्हणून त्या दिवसांत फोन वाजला की खेळाडूंच्या घरात फोडणी करपते. यंदा सांगली शिलेदार संघात पहिला नारळ मिळाला तो प्रशिक्षकालाच. सलग दोन हंगाम तळाशी काढल्यावर मालकांनी मोहिते सरांना शाल पांघरली, भाषणात दोनदा 'पितृतुल्य' म्हटलं आणि घरी पाठवलं. त्यांच्या जागी वैजयंती दाभाडे आल्या. एके काळी देशाच्या महिला संघाचा कोपरा त्यांनी असा सांभाळला होता की समोरच्या चढाईपटू त्या बाजूला फिरकायच्याच नाहीत. येताना त्यांनी सोबत एक यंत्र आणलं.

रणधीर मगदूमला त्यांचा फोन आला तेव्हा तो कसबे डिग्रजला घराच्या ओट्यावर बसून भडंग खात होता. शिलेदारांचा डावा कोपरा गेली अकरा वर्षं त्याच्याकडे होता. वय तेहेतीस, गुडघे त्याहून म्हातारे, करार संपलेला. आता तो मोकळा होता, कुठल्याही संघात जाऊ शकत होता, फक्त कुठल्याच संघानं बोलावलं नव्हतं. गावात कुणी विचारलं तर "बोलणी चालू हायत" म्हणायचा. बोलणी चालू होती ती फक्त बायकोशी.

"नव्या मॅडमनी बोलावलंय," तो आत येऊन म्हणाला.

"शाल कुठल्या रंगाची हाय ते इचारा," मृणाल म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं. "जावा. अजून खेळायचंय, तर तसं तोंडानं सांगा. तुम्हाला सगळं हातानंच सांगायची सवय."

खरंच होतं ते. तिला मागणी घालतानासुद्धा तो काही बोलला नव्हता, नुसता हात पुढं केला होता.

वैजयंती मॅडमच्या खोलीत भिंतीला टेकून एक पडदा आणि टेबलावर दोन मनगटी पट्टे होते. रणधीर बसला. त्यानं मनात घोकलेलं वाक्य बाहेर काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताची पत्रिका काढली मी."

या पत्रिकेची भानगड समजून घ्यायला हवी, कारण तिनं त्या दोनतीन वर्षांत लीगची उलथापालथ करून टाकली होती. कबड्डीत बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे असतात. प्रेक्षकांना वाटतं, चढाईपटूला कोंडायला साखळी केलीय. ते आहेच, पण त्या हातांतून निरोपही जात असतात. डोळ्यांनी बघून हालचाल करायला माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळ स्पर्श ओळखून हलायला लागतो. शेजाऱ्याचा हात ताणला गेला की आपलं अंग आधी हलतं आणि का हललं ते मागाहून कळतं.

चार हंगामांपूर्वी खेळाडूंच्या मनगटावर पट्टे आले. स्नायू आवळला जाण्याआधी त्यात विजेची बारीकशी थरथर उठते, ती हे पट्टे टिपत. हजारो चढायांतल्या अशा थरथरी जमवून प्रत्येक खेळाडूच्या हाताचा स्वभाव यंत्रात उतरवला गेला. कुठला हात उतावीळ, कुठला सोशीक, कुठला शेजाऱ्याचं ऐकतो आणि कुठला आपलंच घोडं दामटतो, हे यंत्र सांगू लागलं. मग लीगमधला कुठलाही हात दुसऱ्या कुठल्याही हातात यंत्रातल्या यंत्रात देऊन बघता येऊ लागला. ती माणसं जन्मात भेटलेली नसली तरी चालत होतं. ज्या पुण्याच्या पोरीनं हे यंत्र बनवलं ती भारी मिश्कील असणार, कारण शंभरापैकी मार्क द्यायचं सोडून तिनं छत्तीसपैकी गुण द्यायची सोय केली. साहजिकच खेळाडू यंत्राला 'भटजी' म्हणू लागले.

हसण्यावारी नेलं तरी भटजीचा शब्द चालायचा. नांदेडचे दोन जुळे भाऊ लहानपणापासून शेजारी उभे राहून खेळले होते. भटजीनं त्यांना नऊ गुण दिले आणि पंधरवड्यात एक चेन्नईला गेला, दुसरा गुवाहाटीला. त्यांच्या आईनं टीव्हीवर विचारलं होतं की नऊ महिने एका पोटात राहिलेल्यांना नऊच गुण कसे.

"माझं कितीवर आलं?" रणधीरनं विचारलं.

"आपल्या संघातल्या कुणाशीही चौदाच्या वर जात नाही. खरं सांगते, रणधीर, एकटे तुम्ही मला नको आहात. तुमचे गुडघे बघून करार वाढवला तर मालक मलाच शाल देतील. पण लीगमध्ये एक हात असा आहे, की त्याच्याशी चौतीस येतात. चौतीस मी आजवर पाहिलेले नाहीत. अशी जोडी मिळाली तर मी अख्खा बचाव तिच्याभोवती उभा करीन."

"कोण?"

त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. नाव वाचून रणधीर उभाच राहिला.

"मॅडम, ह्याच्याशी माझा छत्तीसचा आकडा हाय."

"दोनानं चुकताय," त्या शांतपणे म्हणाल्या. "चौतीस."

पडद्यावर नाव होतं इलियास मुजावर.

इलियासचं घर डिग्रजलाच, रणधीरच्या घरामागच्या गल्लीत. दोघं शाळेपासून शेजारी शेजारी उभे राहिलेले, रणधीर कोपऱ्यात आणि इलियास त्याच्या लगत. बोटांची भाषाही दोघांनी तेव्हाच ठरवलेली. करंगळीचे दोन दाब म्हणजे थांब, अंगठ्याचा एक दाब म्हणजे हाण. आणखी एक नियम होता. सामना संपला की एकमेकांचा हात धरूनच मैदानाबाहेर यायचं, जिंकलो तरी आणि हरलो तरी. मोहिते सर बाकावरून ओरडायचे, "चालली बघा जोडी सप्तपदीला!" त्यांना ओरडू द्यायचं आणि रेषेबाहेर गेल्यावरच हात सोडायचा.

मग सहा वर्षांपूर्वीची ती अंतिम लढत आली. शिलेदार एका गुणानं पुढे, समोरच्यांची शेवटची चढाई. ती रिकामी गेली असती तरी चषक सांगलीला येणार होता, म्हणजे सगळ्यांनी नुसतं अंग चोरून उभं राहायचं होतं. चढाईपटू डावीकडे आला, त्यानं कोपऱ्याकडे पाय लांबवला, आणि इलियासनं झेप घेतली. झेप फसली. चढाईपटू दोघांना शिवून परत गेला, दोन गुण गेले, चषक गेला, आणि इलियासचा उजवा गुडघा त्याच्याच अंगाखाली उलटा वळला. बाकावरून मोहिते सर बोंबलत होते, "झेप घ्यायला कुणी सांगितलं?" रणधीरनं दोन्ही तळवे वर करून दाखवलं की मी नाही. त्याच वेळी पायाशी पडलेला इलियास किंचाळला, "हात दाबलास, रण्या!"

रणधीरनं दाबला नव्हता. आईची शपथ घेऊन सांगितलं असतं त्यानं. तिसऱ्या दिवशी मिरजेला दवाखान्यात गेला आणि खाटेजवळ उभा राहून पहिलं वाक्य तेच बोलला, "इल्या, मी दाबलं नव्हतं." इलियासनं भिंतीकडे तोंड वळवलं. नंतर मुलाखतींत विचारलं गेलं तेव्हाही रणधीर तेच म्हणाला, आणि भरवशाचा सामना घालवणारा म्हणून सगळा दोष इलियासच्या डोक्यावर बसला. पुढच्या पंधरवड्यात मोहिते सरांनी त्याला भोपाळला देऊन टाकलं. तेव्हापासून दोघांत एक शब्दही नाही. ईदला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला फराळ जायचा, पण ते दोन घरांतल्या बायकांचं होतं.

"भोपाळलाही नवा प्रशिक्षक आलाय, त्याला इलियासचा गुडघा नको आहे," वैजयंती मॅडम सांगत होत्या. "आपला एक चढाईपटू दिला तर ते त्याला सोडतील. म्हणजे तुम्ही दोघं एकेकटे बाद आहात आणि मिळून लीगमधली सगळ्यात भारी जोडी. पण मी कागदावरच्या गुणांवर माणसं घेत नाही. प्रत्यक्ष हात धरून दाखवायचा. आणि इलियासची एक अट आहे."

"काय?"

"म्हणाला, त्यानं काय केलं ते त्यानं तोंडानं कबूल करावं. मगच येईन."

रणधीर घरी आला आणि जेवला नाही. मृणालनं दोनदा ताट झाकलं, तिसऱ्यांदा त्याच्या समोर येऊन बसली.

"म्हणून टाका की. 'दाबलं होतं' म्हणायला काय जातंय?"

"जे केलंच न्हाई ते कसं म्हणू?"

"आपल्या पत्रिकेत अठरा गुण आले होते, काठावर पास. लग्नासाठी तुमच्या आईला मी किती खोटं बोलले! मला कुंदा खायला आवडतो, पहाटे उठते, सगळं. संसार चाललाय ना?"

रणधीर हसला नाही. त्याला खेळायचं होतं. एक हंगाम, शेवटचा, मग शाल काय, घोंगडं घातलं तरी चाललं असतं. पण त्यासाठी खोटं बोललं की गेली सहा वर्षंच खोटी पडली असती, असं त्याला वाटत होतं. आणि याहून खाली, जिथं तो स्वतःही फारसा जात नव्हता, तिथं दुसरंच दुखत होतं. त्याला इल्याची आठवण यायची. नव्या शेजाऱ्याचा हात हातात घेतला की दर वेळी यायची.

पंधरवडा संपायच्या आदल्या दिवशी इलियास सांगलीला आला. रणधीर सरावाच्या मॅटवर उभा होता तेव्हा तो दारातून आत आला. दाढीत पांढरं दिसत होतं आणि उजवा पाय किंचित जपून पडत होता.

"बरं हाय?" रणधीर म्हणाला.

"हाय की," इलियास म्हणाला.

वैजयंती मॅडमनी मनगटांना पट्टे बांधले. "अटीचं तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "आधी मला हात बघू दे."

दोघं उभे राहिले. हात हातात आला तसा रणधीरनं तो लाकडासारखा ताठ करून टाकला. या वेळी चुकून बोटसुद्धा हलायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. संघातला एक चढाईपटू समोरून आला, गेला, पुन्हा आला. चारदा झेप उशिरा पडली, दोनदा दोघं एकमेकांवर आदळले. सातव्या खेपेला चढाईपटूनं कोपऱ्याकडे पाय लांबवला, इलियासनं झेप घेतली आणि तो पुन्हा निसटला.

"बास," मॅडम म्हणाल्या. पडद्यावर अकरा गुण होते. त्यांचा चेहरा पडला. "रणधीर, शेवटच्या चढाईला तुम्ही खूण का केलीत? पकड होणार नव्हती."

"मी कुठं खूण केली?"

"अंगठा दाबलात."

"न्हाई दाबला!" तो एवढ्या जोरात ओरडला की चढाईपटू दचकला. "हातच हलवला न्हाई मी, मॅडम. मुद्दाम हलवला न्हाई!"

त्यांनी पडद्यावरची ती चढाई परत आणली. दोन रेघा होत्या, एक त्याच्या हाताची, एक इलियासच्या. चढाईपटूचा पाय लांबला तशी रणधीरच्या रेघेवर अंगठ्याच्या स्नायूपाशी थरथर उठली होती, मग एक टेंगूळ, मग इलियासची झेप.

"ओरडू नका. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. "शरीर तयारीला लागतं तेव्हा मनाला अजून पत्ता नसतो. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळाचा खेळ आहे हा. त्या वेळात अंगठा दाबून मोकळा होतो आणि मनापर्यंत वर्दी जातच नाही. चांगल्या कोपऱ्याच्या हाताला ही खोड असतेच. माझ्याही होती. तुम्ही दाबलंत आणि तुम्हाला ते ठाऊक नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

रणधीर मॅटवर खाली बसला. त्यानं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. सहा वर्षं तो ज्या एका गोष्टीवर ठाम उभा होता, ती या अंगठ्यानं त्याला न विचारता केली होती. त्यापायी एका माणसाचा गुडघा गेला, गाव सुटलं, आणि आपण मात्र जगभर सांगत फिरलो की मी नाही. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. पण आता गप्प राहणं शक्य नव्हतं, आणि यावेळी हातानं सांगून भागणार नव्हतं.

"इल्या," तो म्हणाला, "मी दाबलं होतं."

"मग?" इलियास म्हणाला.

"मग काय? तुझी अट. कबूल करतोय. फायनलला मी दाबलं होतं."

इलियास त्याच्याकडे बघत राहिला. "आरं, दाबलंसच की. अंगठा माझ्या हातात होता, मला कळणार न्हाई व्हय? त्याचं काय एवढं? समोर तंगडं दिसल्यावर मीबी दाबलं असतं. त्यासाठीच तर हात धरतोय आपण."

"मग तू तवा ओरडलास कशाला?"

"काय ओरडलो?"

"'हात दाबलास' म्हणून ओरडलास की माझ्यावर."

इलियासच्या कपाळाला आठी पडली. मग ती हळूहळू गेली, आणि तो रणधीरच्या समोर, दुखरा पाय लांब करून, मॅटवर बसला.

"सोडलास," तो म्हणाला. "हात सोडलास, म्हणलो मी."

रणधीरनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"माझा पाय उलटा झालेला, जीव चाललेला माझा, आन् मी तुझा हात धरून पडलेलो. तू हिसका मारून काढून घेतलास, आन् सगळ्यांना तळवे दाखवलेस. मला चौघांनी स्ट्रेचरवरनं बाहेर नेलं. तेवढ्या एका सामन्यात आपण हात धरून बाहेर गेलो न्हाई, रण्या." तो दुखरा गुडघा चोळत होता. "दवाखान्यात आलास. म्हणलं, आता माफी मागंल. तर तू म्हणतोस, 'दाबलं नव्हतं.' मला वाटलं, ह्याला सगळं कळतंय, मुद्दाम दुसरंच बोलतोय. म्हणून भिंतीकडं बघितलं."

बाकावरून सर ओरडत होते, लोक ओरडत होते, आणि जो आरोप होईल म्हणून रणधीर घाबरला होता तोच त्याच्या कानांनी ऐकला होता. एवढंच झालं होतं. एका शब्दापायी सहा वर्षं गेली होती, आणि ज्या यंत्राला अंगठ्याची थरथर दिसली त्याला त्या रात्री सुटलेला हात दाखवता आला नसता. रणधीरला रडू फुटलं. पुरुषासारखा पुरुष, लीगभर ज्याच्या पकडीचा धाक, तो संघाच्या नव्या प्रशिक्षकासमोर शेंबडं नाक बाहीला पुसत होता.

"सोडला," तो म्हणाला. "मी हात सोडला, इल्या. चुकलं माझं."

"व्हय. चुकलंच," इलियास म्हणाला. "ऊठ आता. मॅडम खोळंबल्यात."

मॅडम खरोखरच पाठ फिरवून पट्ट्याची तार तपासत होत्या. ती तार गेली पाच मिनिटं त्या तपासत होत्या.

दोघं पुन्हा उभे राहिले. या खेपेला रणधीरनं हात ताठ केला नाही. चढाईपटू आला, डावीकडे वळला, आणि त्यानं पाय लांबवेपर्यंत तो मॅटवर आडवा होता, घोट्याला रणधीर आणि कमरेला इलियास. पुन्हा आला, पुन्हा आडवा. सहाव्यांदा आपटल्यावर त्यानं उठायला नकार दिला.

"तेहेतीस," मॅडम पडद्याकडे बघून म्हणाल्या. "यंत्र चौतीस म्हणत होतं."

"एक गुडघ्यात गेला," इलियास म्हणाला.

त्या हसल्या आणि फोन उचलून मॅटच्या कडेला गेल्या. "हं, भोपाळ? आमचा चढाईपटू तुमचा, इलियास आमचा. हो, दोघांनाही घेतेय. नाही नाही, आता बदलायचं नाही, कागद पाठवा." मग मागं वळून त्यांनी हात हलवला. "झालं, सोडा आता!"

दोघं मॅटच्या मधोमध उभे होते. रणधीरनं हात सोडला नाही. तो चालू लागला, आणि इलियासच्या पायाच्या चालीनं चालला, हळूहळू. रेषा आली, ती ओलांडून दोघं बाहेर आले, पाण्याच्या पिंपापाशी पोचले.

"आता सोड की लेका," इलियास म्हणाला. "पाणी प्यायचंय."

"दुसऱ्या हातानं पी," रणधीर म्हणाला.